हातोरण बंगल्यातली घोंगडी

१

"पुढल्या खेपेला आलीस आन् मी दिसले न्हाई, तर विचार गं पोरी. गेली म्हणतील. कुठं गेली, ते विचार."

धोंडुबाईनं हे सांगितलं तेव्हा समीक्षाचं अर्धं लक्ष लेकीकडे होतं. प्रांजल नुकतीच पावलं टाकायला शिकली होती आणि नेमकी गुलाबाच्या ताटव्याकडे निघाली होती. "हो हो आजी, विचारीन," असं तोंडातल्या तोंडात म्हणून समीक्षा काट्यांच्या दिशेनं धावली. म्हातारी माणसं बोलतात काहीतरी, असं तिला वाटलं. लेक हाती लागल्यावर ते बोलणं ती विसरूनही गेली.

ही थंडीतली गोष्ट. पाचगणीतल्या त्या बंगल्याच्या फाटकावर 'हॉथॉर्न लॉज' असं इंग्रजी नाव कोरलेलं होतं. गावात मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याला हातोरण बंगलाच म्हणत आले. राणीच्या राज्यात कुणा गोऱ्या साहेबानं तो जांभ्या दगडात बांधला. देश स्वतंत्र झाल्यावर तो साताऱ्याकडच्या एका फौजी घराण्यानं घेतला. आता त्या घराण्याचा वारस विश्वजीत तो विकायला काढत होता आणि त्याआधी नव्यानं सजवून घेत होता.

समीक्षाचा नवरा तानाजी सैन्यात होता, सीमेवर. ती साताऱ्यात दोन खोल्यांत लेकीला घेऊन राहायची आणि नानासो या एजंटासाठी घरांचे फोटो काढून जाहिराती लिहायची. मराठी घेऊन बी.ए. झाल्याचा एवढा तरी उपयोग, असं ती स्वतःच म्हणे. थंडीत तिनं हातोरण बंगल्याचे 'आधीचे' फोटो काढले होते. त्यात मागच्या खोलीचाही एक होता. तिथं धोंडुबाई राहायची. जत तालुक्यातली ही धनगराची बाई तरुणपणी विधवा झाली, बंगल्यात कामाला आली आणि इथंच म्हातारी झाली.

चैत्र सरता सरता 'नंतरचे' फोटो काढायला समीक्षा पुन्हा गेली. गाडीतच तिनं मजकूर जुळवला होता: 'व्हिक्टोरियन काळातला, नव्यानं सजवलेला कौटुंबिक बंगला. गर्द बाग. मोकळा ताबा.'

बाग खरंच गर्द होती. हायड्रेंजियाचे निळे गेंद, सिल्व्हर ओकखालची नेची, भिंतीवर चढलेली चमेली. मागच्या खोलीचं दार मात्र काचेचं झालं होतं. आत खाट नव्हती, चूल नव्हती. पांढऱ्या भिंती आणि एक वेताची खुर्ची, एवढंच.

"इथल्या आजी कुठं आहेत?" तिनं सहज विचारलं.

"गेल्या की," नानासो म्हणाला. "जतला. पोरगा येऊन घेऊन गेला. सुटली बिचारी."

समीक्षानं मान हलवली आणि दिवाणखान्याचा फोटो घ्यायला कॅमेरा डोळ्याला लावला. शेकोटीच्या वर, जिथं पूर्वी घराण्यातल्या सुभेदारांची तसबीर होती, तिथं काहीतरी काळं टांगलं होतं. तिनं कॅमेरा खाली घेतला.

ती घोंगडी होती. तिच्या एका कोपऱ्याला लाल दोऱ्यानं रफू केलेलं होतं.

२

समीक्षानं फोनमधले थंडीतले फोटो उघडले. मागच्या खोलीचा फोटो दोन बोटांनी मोठा केला. खाटेवर घडी घातलेली घोंगडी, वरच्या कोपऱ्यात लाल रफू. तीच होती.

"छान दिसते ना?" मागून विश्वजीत आला. पुण्याहून आलेला, बिनबाह्यांचं जाकीट घातलेला, सारखा घड्याळ बघणारा. "सजावटवाल्यानं मागच्या खोलीत शोधून काढली. अशा वस्तू आता मिळत नाहीत म्हणाला."

"आजींची आहे ही."

"असेल. टाकून गेली ना ती."

"टाकून?"

"म्हणजे, राहिली." त्यानं खांदे उडवले. "हे बघा, मला धोंडुबाईबद्दल आदर आहे. मी तिच्या कडेवर वाढलोय. पण घेणाऱ्याच्या वकिलानं स्पष्ट सांगितलंय, आवारात राहणारं कुणी चालणार नाही. तिचा मुलगा वेळेवर आला, सगळं गोडीनं झालं."

"तुम्ही भेटलात मुलाला?"

"मी पुण्यात होतो." पुन्हा घड्याळाकडे नजर. "फोटो आज मिळतील ना?"

नानासो व्हरांड्यात शेंगदाणे खात बसला होता. समीक्षा त्याच्या शेजारच्या पायरीवर टेकली. प्रांजल दोघांच्या मधे उभी राहून शेंगदाण्यांवर डोळा ठेवून होती.

"भाऊ, खरं सांगा. आजींना कुणी घालवलं?"

"आता घ्या! सरळ माझ्याकडंच बोट?" नानासो खो खो हसला. "वहिनी, मी लोकांना घरात घालतो, बाहेर काढत न्हाई. म्हातारीला मी एकदा समजावलं हुतं, येवढं खरं. पर ती गेली ते राजीखुशीनं. माझ्या डोळ्यांदेखत टेंपोत पुढं बसली. नवं लुगडं, डोक्यावर पदर, हासत हुती. मला म्हणाली, नानासो, येते रं."

"टेंपोत? मुलगा टेंपो घेऊन आला होता?"

"चालवणारा हुता की."

"तो मुलगाच होता कशावरून?"

नानासोचा हात तोंडाशी थांबला. "आता... जतला चाललीय म्हणल्यावर पोरगाच असणार. न्हाई तर दुसरं कोण नेईल तिला?"

"सामान काय होतं बरोबर?"

"सामान?" त्यानं कपाळ चोळलं. "सामान काय न्हवतं गड्या. हातात नुसती पिशवी."

३

बंगल्यात साहेब म्हणावा असा एकच उरला होता, लालासाहेब, आणि तोच माळी होता. ही थट्टा तो स्वतःच करायचा. समीक्षानं त्याला पाण्याचा पाईप ओढताना गाठलं.

"मी त्या दिशी न्हवतो ताई. मेव्हण्याकडं बारसं हुतं. रोपांचा टेंपो मी आदल्या दिशी भरून दिला आन् गेलो. आलो तर खोली रिकामी."

"कसली रोपं?"

"कलमं. ही निळी फुलं, चमेली. दरसालची देणगी असती, खंडाळ्याकडच्या आश्रमाला. काकीसाहेबांचं पुण्याईचं काम." त्यानं पाईप दाबला आणि पाण्याची धार लांब उडवली, प्रांजल हसावी म्हणून. ती हसली. "धोंडाक्का असती तर आता मला शिव्या घातल्या असत्या, पाणी वाया घालवतो म्हणून. जतची ना. तिथं टँकरचं पाणी. वाटी विसळलेलं बी ती कुंडीत वतायची."

काकीसाहेब म्हणजे विश्वजीतच्या चुलती, संयोगिताबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. हा बंगला, ही बाग आणि धोंडुबाई, एवढंच त्यांचं जग. त्यांनी समीक्षाला बागेतल्या बाकावर बसवलं. प्रांजलच्या हाती बिस्किट दिलं. त्यांची बोटं मातीनं भरलेली होती. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन फांद्या त्यांनी जपून बाजूला ठेवल्या.

"बंगला विकला की तुम्ही कुठं जाणार, काकीसाहेब?"

"विश्वजीत म्हणतो पुण्याला चला. त्याचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. तिथं माती कुठून आणायची?" त्या हसल्या. "माहेर फलटणचं. पण भाऊ गेले, घरही विकलं. आता माहेर म्हणजे नुसतं बोलायला."

"आणि धोंडुबाई?"

क्षणभर त्यांचे डोळे भरले. ते पाणी खोटं नव्हतं, हे समीक्षाला नंतरही मान्य करावं लागलं.

"विश्वजीतला तिनंच वाढवला. मला ताप आला की उशाशी बसायची. तिची काळजी नको करूस. सुखात आहे ती. दोन वेळा आयतं जेवण, सकाळी अंघोळीला बंबाचं गरम पाणी. या वयात आणखी काय हवं असतं गं माणसाला?"

समीक्षानं लेकीच्या तोंडाला लागलेला बिस्किटाचा चुरा पुसला. काहीतरी खटकलं होतं, पण काय ते तिला सांगता येईना.

४

साताऱ्याला परतल्यावर संध्याकाळी तानाजीचा फोन आला. प्रांजलनं फोनच्या काचेचा मुका घेतला, मग रुसून निघून गेली.

"तुझा चेहरा का उतरलाय?" तानाजीनं विचारलं.

तिनं सगळं सांगितलं.

"तू जरा जास्तच विचार करतेस," तो शेवटी म्हणाला. "मागच्या महिन्यात गॅस चालू राहिला म्हणून अर्ध्या वाटेतून परत गेली होतीस. होता का चालू?"

"नव्हता."

"मग?"

"मग काय? जाऊन बघितलं, म्हणून कळलं ना नव्हता ते."

तो हसला, पण हळूच म्हणाला, "मग बघ जाऊन."

मग तिनं भामाबाईला फोन लावला. समीक्षाची आत्या, जत तालुक्यात राहणारी. समीक्षाचे वडील तरुणपणी मेंढरं सोडून साताऱ्याच्या एसटीच्या वर्कशॉपात लागले. त्यामुळे आत्याची भाषा तिला समजे, पण तिथलं जगणं तिनं सुट्टीतच पाहिलेलं. धोंडुबाईचं गाव आत्याच्या गावापासून हाकेच्या अंतरावर होतं.

"कोण, धुळाची आई व्हय?" आत्या फोनवर नेहमीप्रमाणे ओरडली. "ती हितं कशाला यील?"

"मुलगा घेऊन आला म्हणतात, आत्या. धुळा."

"कुणाचं डोस्कं फिरलंय? आगं, धुळा मेंढरं घिऊन कोकणात हाय! दिवाळी झाली की बायकापोरासकट जातूय, मिरगाच्या तोंडाला घाट चढून परत येतूय. तुला म्हाईत न्हाई? तुझा आज्जा काय करत हुता मग?"

समीक्षानं फोन दुसऱ्या कानाला लावला. तिला माहीत होतं. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत ती वडिलांच्या गावी जायची तेव्हा चुलत्यांची घरं बंद असायची आणि पहिल्या ढगांबरोबर माणसं, घोडी, कोंबड्या, मेंढरं परत यायची. शहरात राहून हे कसं पुसलं गेलं?

"आत्या, धुळाच्या घरी आत्ता कोण आहे?"

"कोण असणार? दाराला कुलूप हाय. दारापुढं बाभळीचं काटं लावल्यात, कुत्री शिरू ने म्हणून. दिवाळीपासनं त्या काट्याला कुणी हात लावला न्हाई."

५

रात्रभर कुढत बसण्यापेक्षा सकाळी डोकं स्वच्छ असताना विचार करावा, असं समीक्षानं ठरवलं. लेक भाताच्या वाटीशी खेळत होती. तिच्याकडे बघत तिनं एकेक गोष्ट मनात लावून घेतली.

धुळा आलाच नव्हता. म्हणजे नानासोनं पाहिलेला टेंपो दुसऱ्याचाच होता. त्या दिवशी बंगल्यातून जाणार होता एकच टेंपो, रोपांचा.

धोंडुबाई नवं लुगडं नेसून, हसत, रिकाम्या हातानं बसली. तिला कुणी ओढून नेलं नव्हतं. पण घोंगडी मागे राहिली होती. समीक्षाची आजी शेवटच्या आजारपणात दवाखान्यातही घोंगडीशिवाय गेली नव्हती. मेंढरामागे वाढलेलं माणूस पाच मैलांवर मुक्कामाला निघालं तरी आधी घोंगडी खांद्यावर टाकतं. जी बाई घोंगडी खाटेवर ठेवून जाते, ती संध्याकाळी परत यायच्या बोलीनं गेलेली असते.

म्हणजे तिला कुणीतरी फसवलं होतं. आणि ज्याचा शब्द ती डोळे मिटून मानत होती, त्यानंच.

आणि काल काय खटकलं होतं, तेही आता लख्ख दिसलं. बंबाचं गरम पाणी! ऐन उन्हाळ्यात, जतला, टँकरची वाट बघणाऱ्या वाडीत, रोज सकाळी बंबभर पाणी कोण तापवतं? काकीसाहेब जतबद्दल बोलतच नव्हत्या. दुसऱ्या कुठल्यातरी जागेबद्दल बोलत होत्या, आणि ती जागा त्यांनी पाहिलेली होती.

तरी तिला खात्री वाटेना. एवढे भरलेले डोळे!

आत्यानं धुळाचा नंबर दिला होता. काल तो लागला नव्हता. आता फोन वाजला तो त्याचाच. मागे मेंढरांचा कालवा ऐकू येत होता.

"टेकाडावर आलोय जी, हितंच रेंज येती. कोण म्हणायचं?"

समीक्षानं ओळख सांगितली. "तुमची आई कशी आहे, दादा?"

"बरी हाय की. चार दिसांमागंच फोन केलता. बाईसाहेब म्हणल्या, जेवून निजलीया."

"कुठं निजलीय?"

"कुठं म्हंजे?" धुळा गोंधळला. "बंगल्यावरच. मागच्या खोलीत."

६

मागच्या खोलीत तर वेताची एक खुर्ची होती.

समीक्षा त्याच दिवशी पाचगणीला गेली. प्रांजलला लालासाहेबाकडे सोडवेना, म्हणून कडेवर घेतली. काकीसाहेब हायड्रेंजियाच्या वाफ्यात बसून वाळकी पानं खुडत होत्या.

"तुम्ही इथल्या सगळ्यांना सांगितलंत, ती मुलाकडे आहे. मुलाला सांगितलंत, ती बंगल्यातच आहे," समीक्षा म्हणाली. आवाज चढवायचा नाही असं तिनं वाटेत ठरवलं होतं. "दोघंही निर्धास्त झाले. तिला शोधणारं माणूसच उरलं नाही."

काकीसाहेबांचे हात थांबले.

"ती खंडाळ्याच्या वृद्धाश्रमात आहे ना?"

काकीसाहेबांनी हातातली वाळकी पानं खाली टाकली. मग उठून बाकावर बसल्या. त्या एकाएकी खूप थकल्यासारख्या दिसल्या.

"विश्वजीत म्हणाला, खोली मोकळी झाली नाही तर व्यवहार मोडेल. नानासो म्हणाला, चार माणसं आणून काढू. मला ते बघवलं नसतं. मी म्हटलं, मी करते." त्यांनी पदरानं हात पुसले. "तिला सांगितलं, चल, आपली रोपं कशी लागलीत बघून येऊ. मी मागून गाडीनं गेले. तिथं सही केली. नातेवाईक कुणी नाही, असं लिहून दिलं. नाहीतर घेत नाहीत."

"तिला मुलगा आहे."

"रानावनात फिरणारा! पावसात, चिखलात, पालाखाली. असल्या मुलाकडे तिला या वयात धाडू? मी तिला चांगल्या जागी ठेवलं गं. गरम पाणी आहे, खाट आहे..."

"तिला विचारलंत?"

चमेलीवर एक पाखरू येऊन बसलं, उडून गेलं. प्रांजलनं बोटानं दाखवलं. कुणी तिकडे बघितलं नाही.

"नाही," काकीसाहेब म्हणाल्या. "मला तरी कुणी विचारलंय?" मग खाली बघत त्यांनी जे सांगितलं, त्यानं समीक्षाचा राग अर्धा विझला. "तिच्या शेजारची खाट मी माझ्यासाठी सांगून ठेवली आहे. अकराव्या मजल्यावर नाही राहणार मी. इतकी वर्षं ती माझ्या उशाशी होती. मला वाटलं, तिकडे तरी आधीपासून ओळखीचं कुणी असावं."

व्हरांड्याच्या पायरीवर विश्वजीत उभा होता. त्यानं किती ऐकलं, ठाऊक नाही. तो आत गेला, शेकोटीवरची घोंगडी काढून घेऊन आला आणि त्यानं ती समीक्षाच्या हातात दिली.

७

आश्रम स्वच्छ होता. हे लिहायलाच हवं, कारण वाटेत समीक्षानं नको नको ते डोळ्यांपुढं आणलं होतं. अंगणात निळ्या फुलांची नवी रोपं होती. तिथल्या बाई मनमिळाऊ होत्या.

"धोंडुबाई ना? प्रकृती ठणठणीत आहे. फक्त..." त्यांनी कपाळाजवळ बोट फिरवलं. "मनावर परिणाम आहे. रोज फाटकाशी जाऊन बसतात. मुलगा येणार म्हणतात. आम्ही विचारलं, कधी येणार? तर म्हणतात, पाऊस आला की. मुलगा पुढं आणि त्याच्या मागून पाऊस, असं काहीबाही. सहीला आलेल्या बाईंनी तर सांगितलं होतं, नातेवाईक कुणी नाही. आम्हीही मग हो ला हो करतो."

"बाई," समीक्षा म्हणाली, "त्यांच्या मनावर काही परिणाम नाही. त्यांचा मुलगा धनगर आहे. तो खरंच पावसाच्या पुढं येतो."

त्या बाईंनी उठून स्वतःच फाटकाची वाट दाखवली.

धोंडुबाई फाटकाजवळच्या दगडी ओट्यावर बसली होती, आश्रमाची पांढरी चादर खांद्यावर घेऊन. उन्हात ती चादर परक्यासारखी दिसत होती. समीक्षानं जवळ जाऊन घोंगडी पुढे केली. म्हातारीनं आधी ती हुंगली. लाल रफूवरून अंगठा फिरवला. मग वर बघितलं.

"इचारलंस म्हणायचं."

"उशीर झाला, आजी."

"मिरगाच्या आत आलीस. म्हंजे येळंत." तिनं चादर काढून नीट घडी घातली, ओट्यावर ठेवली आणि घोंगडी अंगावर ओढली. प्रांजलच्या गालाला हात लावला. "ही पळाया लागली व्हय गं! तवा काट्यात पडत हुती."

मिरगापर्यंत ती समीक्षाच्या दोन खोल्यांत राहिली. वाटी विसळलेलं पाणी गॅलरीतल्या तुळशीला घालू लागली. तानाजीला फोनवर दरडावून जेवलास का विचारू लागली. काकीसाहेबांबद्दल ती एकदाच बोलली. "गरम पानी दिलं तिनं, खोटं न्हाई म्हणायची मी. पर मला सांगून न्यायला हवं हुतं. मी तिला तापात कवा फसवलं न्हाई."

आणि एके दिवशी घाटमाथ्यावर ढग जमले तसा धुळा आला, डोक्याला मुंडासं, पायांत कोकणाची तांबडी माती. गाडीत बसताना धोंडुबाईनं समीक्षाचा हात धरला.

"बाईसाहेबांकडं ध्यान ठिव. मला धुळा हाय. तिला कोण हाय?"

८

या वेळी समीक्षानं ते ऐकलं. दर आठवड्याला ती फोन करायची. काकीसाहेब थोडंसंच बोलायच्या, पण उचलायच्या. बंगला विकला गेला, काकीसाहेब विश्वजीतबरोबर पुण्याला गेल्या. जाहिरातीतला 'मोकळा ताबा' समीक्षानं आपल्या हातानं लिहिला नाही, तो नानासोनं दुसऱ्याकडून लिहून घेतला. मग तानाजीला फॅमिली क्वार्टर मिळालं आणि ती लेकीला घेऊन पठाणकोटला आली, पार दुसऱ्या टोकाला.

दिवाळीनंतर काकीसाहेबांचा फोन बंद लागू लागला.

विश्वजीत म्हणाला, "काकी ना? त्यांना पुणं मानवलं नाही. माहेरी गेल्या, फलटणला."

नानासो म्हणाला, "माहेरी गेल्या न्हवं का वहिनी? भाऊ येऊन घेऊन गेला म्हणं."

आश्रमातल्या बाई म्हणाल्या, त्यांनी सांगून ठेवलेली खाट अजून तशीच आहे. त्या आल्याच नाहीत.

फलटणचं घर विकलेलं आहे. भाऊ हयात नाहीत. काकीसाहेबांनी स्वतः सांगितलं होतं, बागेतल्या बाकावर बसून. धुळा दूर कोकणात, आत्या जतला, आणि समीक्षा इथं, जिथून निघून पोचायलाच दोन दिवस लागतात. तिकीट तिनं काढलंय. पण तोवर कुणीतरी जायला हवं.

म्हणून ती तुम्हालाच विचारते आहे. तुम्ही फलटणला असाल, पुण्यात, पाचगणीत किंवा वाटेत कुठंही, तर जरा बघा. उंच बाई आहेत, सत्तरीच्या. नाव संयोगिता. बोटांना माती असेल, हातात बहुधा ओल्या फडक्यात गुंडाळलेली एखादी फांदी. घराशी जा, शेजारी विचारा. गेल्या म्हणतील.

कुठं गेल्या, ते विचारा.